मसाई मारा, तेही पितृपक्षात

आफ्रिकेला कधी जावं, हा प्रश्न आफ्रिकेला जाऊन आलेल्या माणसाला चुकूनही विचारू नये. तो स्वतः ज्या महिन्यात गेला, तोच महिना सर्वोत्तम, असं तो शपथेवर सांगतो. जुलैवाल्याच्या मते जूनमध्ये तिथे बघण्यासारखं काही नसतं. फेब्रुवारीवाला जुलैवाल्याची कीव करतो. आणि एप्रिलमध्ये जाऊन पावसामुळे तंबूतच बसून आलेला मनुष्य म्हणतो, "पण गर्दी अजिबात नव्हती हो!"

आमच्या घरी या विषयावर परिषद भरली. भाऊजींनी मे सुचवला. मुलांना सुट्टी, शिवाय दरही उतरलेले. दर का उतरलेत हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. स्वस्त म्हटलं की आम्ही बॅगाच काढतो. पण केनिया-टांझानियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा हंगाम. छोटा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे दिवाळीची सुट्टीही जरा धोक्याचीच. त्यात मसाई मारातल्या बऱ्याच वाटा म्हणजे काळ्या जमिनीत उमटलेल्या चाकोऱ्या. भाऊजी मूळचे अकोल्याचे. "तिथेही आपली कपाशीचीच काळी आहे," एवढं म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. ओल्या काळीत चाक रुतलं की पुढे काय होतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मे बाद झाला.

खरं विचाराल तर माझं मत फेब्रुवारीला होतं. त्या सुमाराला दक्षिण सेरेंगेटीत, न्दुतूच्या आसपास, विल्डेबीस्टच्या माद्या व्यायला जमतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची. गवत आखूड पण कॅल्शियम-फॉस्फरसनं भरलेलं, म्हणजे बाळंतिणीचा खुराक जागेवरच. काही आठवड्यांत लाखो वासरं जन्माला येतात. तरस आणि चित्तेही तारीख लक्षात ठेवून हजर असतात, त्यामुळे वासरू पाच-सात मिनिटांत उभं राहतं आणि आईमागे धावू लागतं. आमच्या घरातलं वासरू अठराव्या वर्षीही उभं राहण्याच्या बेतातच होतं, आणि फेब्रुवारीत त्याची बारावी. फेब्रुवारी बाद.

मध्येच अमेरिकेतल्या भाच्यानं फोनवरून बोट्स्वानाचं पिल्लू सोडलं. ओकाव्हांगोचा कारभार सगळाच उलटा आहे. पाऊस पडतो वर अंगोलाच्या डोंगरांत, ते पाणी रमतगमत काही महिन्यांनी खाली येतं, आणि पूर चढतो तो ऐन कोरड्या जून-जुलै-ऑगस्टात. "पाऊस नाही आणि पूर?" आत्या म्हणाली. "वरून धरण सोडत असणार. आपल्याला नको."

उरला जुलै ते ऑक्टोबर. कोरडे दिवस, गवत वाळून बसलेलं, पाणवठे मोजके, त्यामुळे सिंह-हत्ती शोधत फिरावं लागत नाही. शिवाय बारा-तेरा लाख विल्डेबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे गवतामागे वर्षभर जी प्रदक्षिणा घालतात, तिच्यातली मारा नदीची ओलांडणी याच दिवसांत होते. जुलै-ऑगस्टचे दर ऐकून भाऊजी थोडा वेळ बोलले नाहीत. पुढे गणपती. घरचा गणपती सोडून मगरी बघायला कोण जाणार? सगळे सण वजा करता हाती राहिला पितृपक्ष.

"पक्षात मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही," आत्यानं जाहीर केलं.

"आत्या, इथे कावळे जेवतात, तिथे मगरी. भावना तीच."

"कावळा पानाला शिवतो रे. मगर मलाच शिवायची!"

पण आली. येताना सगळ्या सुती साड्या घेऊन आली, कारण आफ्रिका म्हणजे ऊन. मारा समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच. पहाटे सहाला उघड्या छपराच्या गाडीतून भाऊजींची माकडटोपी घालून उभी असलेली आत्या पाहून एका बबूननं पिल्लाला पोटाशी धरलं. चिवडा मात्र तिनं स्टीलच्या डब्यांत भरला होता. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, ही बातमी तिच्याकडे आमच्याआधी पोचली होती.

नदीशी पोचलो तेव्हा काठावर हजारभर जनावरं दाटून उभी होती. ओलांडणी सुरू होईपर्यंत गाड्यांनी लांबच थांबायचं असतं, तसे थांबलो. पुढचा एक विल्डेबीस्ट पाण्याचा वास घेई, एक पाय पुढे टाकी, मागचे रेटत, आणि मध्येच कुठला तरी झेब्रा बिचकला की सगळा कळप धुरळा उडवत माघारी. पुन्हा जमणं, पुन्हा वास, पुन्हा माघार. सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं चाललं होतं: विषय सगळ्यांना ठाऊक, पण ठराव मांडायला कुणी तयार नाही. तास गेले. चिवड्याचा पहिला डबा संपला.

आणि मग काही कारण नसताना एकानं उडी टाकली. त्याच्यामागे ओळ सुटली. घोगरं हुंकारणं, कड्यावरून घसरणारे पाय, पाण्यावर नुसती शिंगं. आमचा ड्रायव्हर-गाइड गाडी पुढे दामटता दामटता सांगत होता की मगरीच्या तोंडी जातात त्याहून जास्त बुडून आणि चेंगरून मरतात. एक वासरू प्रवाहाबरोबर बरंच खाली वाहत गेलं, एका खडकाला टेकलं आणि धडपडत वर चढलं. आत्यानं माझं मनगट इतकं आवळलं होतं की घड्याळाचा पट्टा तुटला.

चारच्या सुमाराला, पलीकडे गेलेल्यांतले बरेचसे पुन्हा पाण्याशी येऊन उभे राहिले. अलीकडे यायला.

"अरे! हे काय, काही विसरलं का?"

गाइड म्हणाला, असं करतात. लांब कुठे पाऊस पडला, गवत फुटलं की तिकडे, पुन्हा इकडे. एकाच आठवड्यात दोनदादेखील.

"विचार त्याला," आत्या मला म्हणाली, "यांच्यात पुढारी कोण?"

मी विचारलं. गाइड हसून म्हणाला, कुणीच नाही.

"तरी बरं चाललंय की!" असं म्हणून आत्यानं दुसरा डबा उघडला.