चालू काळाचे चाळे

अहो, ऐकलंत का? इंग्रजीतल्या 'लव्ह'नं म्हणे लाजच सोडली! किती घरंदाज क्रियापद. 'नो', 'बिलीव्ह', 'वॉन्ट', 'बिलाँग' ही त्याची भावंडं, सगळी साध्या वर्तमानकाळात नांदणारी. 'आयएनजी' लावून उंबऱ्याबाहेर पडायची त्यांना परवानगी नाही. रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातही तशी ताकीद आहे. आणि २००३ साली मॅकडॉनल्ड्सच्या पाटीवर बघतो तर काय, 'आय अ‍ॅम लव्हिन इट'! शेवटचा 'जी'सुद्धा अंगावर नाही.

बरं, हे कारस्थान कुणाचं? म्युनिकजवळच्या एका जर्मन जाहिरात कंपनीचं! ज्यांच्या भाषेत इंग्रजीसारखं चालू काळाचं रूपच नाही, त्यांचं. स्वतःच्या देशात त्यांनी गुपचूप साधं 'इश लीबं एस' लावलं. आपल्या घरात सोवळं आणि दुसऱ्याच्या घरात धुडगूस.

तेव्हापासून ऊत आलाय नुसता. साडी बघितली की 'लव्हिंग द कलर', मिसळ खाल्ली की 'लव्हिंग द तर्री'.

आपल्याकडच्यांचं तर विचारूच नका. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणून मोकळे होतात. साहेबाला वाटतं, सध्या दोन आहेत, पुढच्या महिन्याचं काही सांगता येत नाही. 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' चालतं, कारण जेवण संपतं. भाऊ संपत नाहीत, निदान वाटणी होईपर्यंत तरी. मुंबईच्या निसीम इझिकेलांनी तर या आपल्या 'आयएनजी'बहाद्दर इंग्रजीत कविताच लिहिल्या!

पण नाकं मुरडणाऱ्या साहेबाच्या घरात तरी सगळं आलबेल होतं का? छे! पूर्वी तिकडे घराचं बांधकाम चालू असलं की 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणायचे. जणू घर स्वतःच विटा रचतंय. मग अठराव्या शतकाच्या अखेरीला 'इज बीइंग बिल्ट' हा प्रकार कानावर यायला लागला. कवी रॉबर्ट सदी यांच्या १७९५च्या एका पत्रात तो सापडतो, आणि तोही कुठे, तर न्हाव्याकडून दाढ उपटली जात असल्याच्या वर्णनात! 'इज' आणि 'बीइंग', एकाच 'बी'ची दोन रूपं, मांडीला मांडी लावून? पंडितांना घेरी यायचीच बाकी होती. अमेरिकेत रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी १८७०च्या आपल्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण त्यावर खर्ची घातलं. उपयोग शून्य. आज ते प्रकरण कुणी उघडत नाही आणि 'इज बीइंग बिल्ट' म्हटल्यावाचून बिल्डरचं पान हलत नाही.

आता हळू आवाजात सांगते. हा चालू काळ वाटतो तेवढा वाया गेलेला नाही हं. पैसे उसने मागायचे तर 'आय वंडर'पेक्षा 'आय वॉज वंडरिंग' किती मऊ. नाही म्हणणाऱ्यालाही वाट ठेवतो. 'यू आर सिली' म्हटलं की माणूस जन्माचा बावळट ठरतो, 'यू आर बीइंग सिली' म्हटलं की तेवढ्यापुरताच. आणि 'ऑलवेज'ची जोड मिळाली की मग तर बघायलाच नको! 'शी ऑलवेज कॉल्स' म्हणजे बिचारी न चुकता फोन करते. 'शी इज ऑलवेज कॉलिंग' म्हणताना डोळे आपोआप छताकडे जातात. नणंदेबद्दल इंग्रजीत बोलायचं तर दुसरं वाक्य पाठ करून ठेवा. आणि ती खोलीत आली की लगेच पहिल्यावर या.