दहा पॉइंटमधले हक्क

लंडनमध्ये मुलाने फ्लॅट घेतला की इकडे दादर-कोथरूडात 'स्वतःचं घर झालं हो त्याचं!' अशी बातमी फिरते. काकूंच्या आनंदावर विरजण घालायची इच्छा नाही, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट विकत घेणारा माणूस कायद्याच्या नजरेत बहुतेक वेळा भाडेकरूच असतो. लाखो पौंड मोजून, तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन झालेला भाडेकरू. त्याच्या हातात असतो तो फक्त लांब मुदतीचा पट्टा. ९९ वर्षांचा, १२५ वर्षांचा, नशीब जोरावर असेल तर ९९९ वर्षांचा. इमारत आणि तिच्याखालची जमीन दुसऱ्याच कुणाची तरी. पट्टा संपला की फ्लॅटही त्या दुसऱ्याचा, तुम्ही हौसेने बसवलेल्या मॉड्युलर किचनसकट. एकट्या इंग्लंडात अशी ५० लाखांच्या आसपास घरे आहेत.

हा दुसरा कोण? कधी बिल्डर, कधी पेन्शन फंड, कधी कुठल्याशा बेटावर नोंदलेली आणि फोन न उचलणारी कंपनी. लंडनच्या उच्चभ्रू भागात तर चक्क सरदार. १६७७ मध्ये मेरी डेव्हिस या बारा वर्षांच्या मुलीचे लग्न सर थॉमस ग्रोव्हनर यांच्याशी लागले. मुलीबरोबर आली लंडनच्या पश्चिमेची सुमारे ५०० एकर कुरणे आणि दलदल. त्या चिखलावर आज मेफेअर आणि बेलग्रेव्हिया उभे आहेत, आणि त्यातला मोठा भाग अजूनही ग्रोव्हनर घराण्याकडे, म्हणजे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरकडे आहे. १९९३ मध्ये हुजूर पक्षाच्याच सरकारने पट्टेदारांना एकत्र येऊन इमारत विकत घेण्याचा हक्क दिला, तेव्हा तत्कालीन ड्यूकसाहेब रागावून पक्षातून बाहेर पडले. आपल्याकडे तिकीट मिळाले नाही म्हणून पक्ष सोडतात. तिकडे भाडेकरूला हक्क मिळाला म्हणून सोडला.

आता हक्क आणि कर्तव्ये. कागदावर दोन्ही बाजूंना दोन्ही आहेत. मालकाने छप्पर, जिना, गटारे, बाहेरच्या भिंती सांभाळायच्या, इमारतीचा विमा उतरवायचा, हिशेब द्यायचा. पट्टेदाराने या सगळ्याचे पैसे द्यायचे. विमा कंपनी मालकाने निवडायची, हप्ता पट्टेदारांनी भरायचा आणि दलालीचा वाटा मालकाच्या किंवा त्याच्या मॅनेजिंग एजंटच्या खात्यात जायचा, हा तर तिथला जुना रिवाज. शिवाय पट्ट्यातल्या बारीक अटी आहेतच. लाकडी फरशी घालायची नाही, गालिचाच हवा. गॅलरीत कपडे वाळत टाकायचे नाहीत. कुत्रा पाळायला लेखी परवानगी, आणि परवानगीच्या पत्राला फी.

आपल्या मेंटेनन्सला तिकडे सर्व्हिस चार्ज म्हणतात. त्याची मागणी पाठवताना सोबत 'तुमचे हक्क आणि जबाबदाऱ्या' हा कागद जोडलाच पाहिजे, असा इंग्लंडात २००७ पासून नियम आहे. मजकूर सरकारने ठरवून दिलेला. अक्षर किमान दहा पॉइंटचे हवे, हेसुद्धा नियमात आहे. कागद नसेल तर तो येईपर्यंत पैसे रोखून धरता येतात. केवढा हा हक्क! परिणाम एवढाच, की छप्पर दोन हिवाळे गळत राहील, लिफ्ट महिनाभर तिसऱ्या मजल्यावर लटकून राहील, पण हक्कांचा कागद यायला एकदाही चुकणार नाही.

कागद सांगतो, खर्च वाजवी असला पाहिजे. तसा वाटत नसेल तर ट्रायब्युनलकडे जा. जा की! तुम्ही रजा टाकून, पावत्यांची फाइल घेऊन जाल. मालक वकील पाठवेल. पट्ट्यात तशी तरतूद असेल तर त्या वकिलाची फी पुढच्या सर्व्हिस चार्जमध्ये तुमच्याच माथी येऊ शकते. तुम्ही जिंकलात तरी. ती थांबवायची असेल तर वेगळा अर्ज करायचा.

मोठ्या कामांसाठी आणखी एक कवच आहे. कुठल्याही एका पट्टेदाराच्या वाट्याला २५० पौंडांहून जास्त खर्च येणार असेल, तर मालकाने आधी नोटीस द्यायची, तीस दिवस सूचना ऐकायच्या, कंत्राटदारांचे दर दाखवायचे. सूचना विचारात घेतल्या की झाले, मानल्याच पाहिजेत असे नाही. मात्र ही प्रक्रियाच टाळली तर फ्लॅटमागे २५० पौंडांच्या वर एक पेनीही वसूल करता येत नाही. अख्ख्या कायद्यात चावू शकेल असा हा एकच दात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही कानस लावली. प्रक्रिया टाळल्यामुळे पट्टेदारांचे प्रत्यक्ष नुकसान झाले नसेल, तर ट्रायब्युनलने मालकाला सूट द्यावी, असा निकाल झाला. नुकसान दाखवून द्यायचे कुणी? पट्टेदारांनी.

आणि पट्टेदार चुकला तर? थकबाकी ३५० पौंडांच्या वर गेली, किंवा त्याहून कमी असूनही तीन वर्षांपेक्षा जास्त काळ रखडली, की पट्टाच रद्द करून फ्लॅट ताब्यात घेण्याच्या वाटेला मालक लागू शकतो. मध्ये न्यायालयाच्या पायऱ्या आहेत, आणि बहुतेक जण पैसे भरून सुटतात. पुष्कळदा कर्ज देणारी बँकच घाबरून आधी भरून टाकते. तरी पाच लाखांच्या फ्लॅटच्या मानेवर साडेतीनशे पौंडांची सुरी ठेवण्याची सोय कायद्याने मालकाला दिली आहे. पट्टेदाराला दिला आहे दहा पॉइंटचा कागद.

भुईभाड्याची कथा तर औरच. हे कशाबद्दल द्यायचे? कशाबद्दलच नाही. जमीन मालकाची आहे, म्हणून. काही बिल्डरांनी करारात हे भाडे दर दहा वर्षांनी दुप्पट होईल असे कलम घुसवले. वर्षाला २५० पौंडांपासून सुरुवात केलीत तर पन्नासाव्या वर्षी आकडा ८,००० वर जातो. असे फ्लॅट पुढे कुणी घेईना, बँका त्यावर कर्ज देईनात. ओरड झाली आणि ३० जून २०२२ पासून नव्या पट्ट्यांचे भुईभाडे कायद्याने उतरवले: वर्षाला मिरीचा एक दाणा. कायद्यात खरोखरच मिरी लिहिली आहे. याच मिरीसाठी ही मंडळी एकेकाळी जहाजे घेऊन आपल्या किनाऱ्याला लागली होती, त्यामुळे तिची किंमत त्यांना ठाऊक असणारच. जुन्या पट्टेदारांना मात्र मिरी लागू नाही. त्यांनी पौंडच मोजायचे.

पट्ट्याची उरलेली मुदत ८० वर्षांच्या खाली घसरली की आणखी एक खड्डा. मुदत वाढवून घेताना, त्या वाढीमुळे मालमत्तेची जी किंमत वाढते तिचा निम्मा वाटा मालकाला द्यावा लागतो. २०२४ च्या कायद्याने हा वाटा काढून टाकायचे आणि मुदतवाढ थेट ९९० वर्षांची द्यायचे ठरवले. आमच्या मालमत्तेच्या हक्काचे काय, म्हणत जमीनमालक न्यायालयात गेले. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले, पण ही कलमे अजून अमलात यायची आहेत. आपल्या सोसायटीच्या जवळ जाणारी 'कॉमनहोल्ड' ही पद्धत तिकडे २००२ च्या कायद्यानेच आली आहे. दोन दशकांत तशा इमारती झाल्या वीसेक. बिल्डरला तिच्यात कायमचे भाडे मिळत नाही, हे कारण पुरेसे आहे.

आपण हसायचे काही कारण नाही. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायची, म्हणजे अभिहस्तांतरण करायचे, हे आपल्याकडे फ्लॅटमालकीचा मोफा कायदा आल्यापासून ठरलेले आहे. बिल्डर ते करीत नाहीत म्हणून २००८ मध्ये त्यांच्या सहीशिवाय होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. नवी मुंबईत सिडकोचे पट्टे मूळचे ६० वर्षांचे. तिथल्या कितीजणांनी तो कागद उघडून पाहिला आहे?

तेव्हा लंडनला घर घेऊ पाहणाऱ्यांनी पट्ट्याची किती वर्षे उरली, भुईभाडे कोणत्या हिशेबाने वाढते आणि गेल्या तीन वर्षांत सर्व्हिस चार्ज किती आला, हे तीन आकडे वकिलाकडून लेखी घ्यावेत. पहिला आकडा ८० च्या जवळ असेल तर मुदतवाढीचा खर्च विकणाऱ्याच्या गळ्यात घालावा. घर आधीच घेतले असेल, तर जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याशी बोलायला लागा. सोसायटीच्या वार्षिक सभेत भांडून तयार झालेल्या मराठी माणसाला हे जड जाऊ नये. साधारण निम्मे फ्लॅट एकत्र आले की इमारतीचा कारभार मालकाकडून काढून घेता येतो, त्यासाठी त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि मार्च २०२५ पासून सहसा त्याच्या वकिलाचे पैसेही द्यावे लागत नाहीत.