नापासाची बॅच कोणती?

"काय व सूनबाई, शाळेत मंडप कायचा टाकला? कोनाचं लगन हाय काय?"

तुराट्यांच्या कुंपणावर सूप टेकवून शेजारच्या काकू उभ्या राहिल्या की समजावं, पाऊण तास गेला.

"लग्न नाही काकू. १९९७ च्या दहावीवाल्यांचं गेट-टुगेदर आहे, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी."

"तरीच! पाटलाची लेक पुन्याहून मायले फोन करून रायली, का लाल काठाची साडी काढून ठेव म्हनून. बंद्या पोरी एकाच रंगात येनार म्हन्ते."

तारीख मात्र डोकं लावून धरली होती. दिवाळीला लेकी माहेरी येतात आणि भाऊबीज झाल्याशिवाय हलत नाहीत. पुणे-मुंबईवाल्यांनाही तेव्हाच सुट्टी. अडचण एकच, आपल्याकडे ते ऐन कापूस वेचणीचे दिवस.

"अन् पोरी सापडल्या कशा व?" काकूंनी स्वतःच विचारलं आणि स्वतःच सांगितलं. "पोट्टे सापडाले काय लागते? नाव थेच, आडनाव थेच. पोरीचं लगन झालं का आडनाव गेलं, कोनाकोनाचं तं नावबी गेलं. तो ग्रुपवाला घरोघरी मायबापाले इचारत फिरला. आमच्या घरी दोनदा आलता."

"तुमच्या घरी काय काम?"

"चहा! अन् येनं सोपं हाय काय आता? आधी छोटी गाडी होती तं अकोल्याहून बसलं का थेट हिवरखेडले उतरे."

खरंच आहे. मीटर गेजची ती खंडव्याची गाडी २०१७ पासून बंद. २०२२ च्या नोव्हेंबरात मोठ्या लाइनवर गाडी सुरू झाली ती अकोला ते अकोट. म्हणजे सासरहून येणारीनं लेकरं-पिशव्या घेऊन अकोटात उतरायचं आणि पुढे एसटी बघायची.

मेळावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालेपर्यंत काकू कुंपणावर हजर. काकू स्वतः वऱ्हांड्यातून सगळं बघून आल्या होत्या.

"घंटा वाजोली, प्रार्थना झाली. मंग बंदे बाकावर बसले, पोट्टे इकून, पोरी तिकून. टकले झाले पण बसले जुन्याच जागेवर! अन् सरांनं हजेरी घेतली. पोरीले माहेरच्या नावानं हाक मारली. थे पाटलाची लेक, बँकेत साहेबीन हाय म्हन्ते, 'हजर सर' म्हनाले उठली अन् रडाले लागली. एका नावाले कोनीच बोललं नाई. मंग मागून कोनं तरी सांगतलं, का तो गेला. सरांनं चष्मा पुसला अन् पुढचं नाव घेतलं."

"जेवण?"

"रोडगे! पोट्ट्यांनं सकाळीच मैदानात गोवऱ्या पेटोल्या. थरावर थर देल्ले गोळे निखाऱ्यात पुरले, काढले, राख फडक्यानं झटकली, अन् फोडून तुपात बुडोले. संग वांग्याची भाजी. पुन्यावाल्यानं चार खाल्ले, मंग झाडाखाली लंबा झाला."

मी काकूंना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. तिथे याला होमकमिंग म्हणतात. मिसुरी विद्यापीठवाले सांगतात, त्यांनी १९११ साली फुटबॉलच्या सामन्याला माजी विद्यार्थ्यांना घरी बोलावलं तिथून ही रीत पडली. दुसरी विद्यापीठं तो मान आपल्याकडे ओढतात. आता शाळाशाळांतून होतं. मिरवणूक निघते, नाच होतो, पोरं मतं देऊन एक राजा आणि एक राणी निवडतात. टेक्सासात तर पोरी छातीवर रिबिनी लावलेलं हे एवढं शेवंतीचं फूल मिरवतात.

"राजा-रानी?" काकू हसल्या. "थे तं आपल्याकडेबी निवडते. ज्यानं वर्गनी जास्त देल्ली त्याचं नाव माइकवर तीनदा. शाळेले थंड पान्याची मशीन देल्ली, चांगलं केलं. पन कोनं किती देल्ले हे वाचून कायले दाखोलं?"

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शाळेच्या मागच्या गल्लीतली थे पोरगी आली नाई, पाह्यलं काय? यांच्याच वर्गातली. वेचनीले जाते. अमेरिकेचा पाव्हना आला, पुन्याची आली, अन् शंभर पावलांवरची नाई आली. मी इचारलं तिले. म्हने, काकू, हजार रुपये वर्गनी, वरून लाल काठाची साडी, अन् त्या दिवसाची मजुरी बुडनार. अन् मी तं दहावीत नापास, माही बॅच कोनती?"

यावर मला काही बोलता येईना. बॅच आपण पास झालेल्या सालावरून मोजतो, आणि जो त्या साली अडकला तो कुठल्याच सालात बसत नाही. काकूंच्याच घरी बघा, बुढाजी १९७५ चे. त्या वर्षी जुनी अकरावी मॅट्रिक आणि नवी दहावी एकदमच बाहेर पडली. खरे मॅट्रिक कोण, यावर पन्नास वर्षांनीही पारावर भांडण होतं. पण दोघांनाही बोलावणं येतं, कारण दोघेही पास. २०२१ च्या बॅचला ही कटकटच नाही. कोरोनात परीक्षा रद्द झाली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. त्यांच्या मेळाव्याला नापास माणूस शोधूनही सापडायचा नाही.

"मंग बाकीच्या सालच्यानं काय करावं?" काकू.

काकू, बाकीच्यांनी यादी दहावीच्या निकालावरून काढू नये, आठवीच्या हजेरीपटावरून काढावी. त्यात पास, नापास, मधेच शाळा सुटून लग्न झालेल्या, सगळे सापडतात. वर्गणी ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढी द्यावी आणि आकडा माइकवर वाचू नये. साडीचा रंग ठरवू नये. रोडग्यांचा खर्च काही फार नसतो. आणि मेळावा भरवणाऱ्यांनो, मागच्या गल्लीत निरोप द्यायला स्वतः जा. ती तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.