सल्ला फुकट, गोंडा विकत

फुकट सल्ला देण्याची परंपरा आमच्या घराण्यात आजोबांपासून आहे. ते चौकात उभे राहून खड्डे बुजवणाऱ्यांना सल्ला देत. पण त्यासाठी कुणी रीतसर पत्र पाठवून बोलावलं, ते मलाच. न्यू जर्सीतल्या एका कॉलेजच्या ऑनर सोसायटीने मला सल्लागार मंडळावर घेतलं. मानधन शून्य. तासाभरात होकार कळवला आणि पाठोपाठ लिंक्डइनवर टाकलं.

साताऱ्याच्या मामांना हे फोनवर समजावताना मात्र घाम फुटला.

"हुशार मुलांचं मंडळ असतं, मामा."

"बरं. करतात काय?"

"हुशार असतात."

"ते झालंच. पुढे?"

पुढे काय सांगणार? इतिहासात शिरलो. 1776 च्या डिसेंबरात, इंग्रजांशी लढाई ऐन भरात असताना, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच पोरांनी फाय बीटा कॅपा नावाची सोसायटी काढली. देशाचं काय होणार ठाऊक नाही, पण आपसातलं गुप्त हस्तांदोलन कसं करायचं हे ठरलेलं! तेव्हापासून अशा मंडळांच्या नावांना ही ग्रीक अक्षरांची हौस.

"म्हणजे आपल्या ज्ञातीचं मंडळ दहावीच्या गुणवंतांना नारळ आणि पेन देतं, तसं," मामा म्हणाले.

तसंच. फक्त इथे नारळाचे पैसे गुणवंताकडून घेतात.

आमच्या बैठका झूमवर, 'रॉबर्ट्स रूल्स'प्रमाणे. हेन्री रॉबर्ट या लष्करी इंजिनियरला म्हणे चर्चमधली एक सभा आवरता आली नाही, म्हणून त्याने 1876 साली सभेचे नियमच छापून टाकले. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने 'सेकंड' म्हणायचं. दोन वर्षांत मी तेवढा एकच शब्द बोललो. इतिवृत्तात माझी नोंद 'सक्रिय सदस्य' अशी आहे.

परवाच्या बैठकीचा विषय होता पदवीदानाला मुलं गळ्यात घालतात तो दोर. सहा नमुने घरी आले होते. सोनेरी आणि किरमिजी पीळ, दोन्ही टोकांना गोंडे. हिने एक बोटाला गुंडाळून पाहिला आणि विचारलं, "पडद्याचा का हो?" मंडळाला वेगळीच चिंता. सोनेरी हा झळझळीत हवा की जुन्या सोन्यासारखा? पन्नास मिनिटं. एका बाईंनी तर सहाही नमुने खिडकीच्या उजेडात धरून दाखवले.

उरलेल्या चार मिनिटांत एका मुलीचं पत्र वाचलं गेलं. रात्री दुकानात काम करते, मार्क उत्तम, सभासद फी परवडत नाही. 'दोर नको, यादीत नाव तेवढं घालता येईल का?'

सगळ्यांना गहिवरून आलं. मलाही आलं, आणि त्या भरात मी चक्क सल्ला दिला. "फी माफ करू या."

झूमवर अशी शांतता पसरली की मी म्यूटवर आहे की काय ते तपासलं. मग अध्यक्ष हसून म्हणाले, "अतिशय मोलाची सूचना. पण आपण केवळ सल्लागार आहोत. फी मुख्य कार्यालय ठरवतं."

"आणि दोराचा रंग?"

"तोही. ऑर्डर गेली मागच्याच महिन्यात."

मुलीच्या पत्रासाठी उपसमिती नेमायचा ठराव आला. पहिली बैठक जूनमध्ये. पदवीदान मे महिन्यात.

हिने तोवर दोर दिवाणखान्याच्या पडद्याला बांधून पाहिला होता. शोभत होता.

"सेकंड," मी म्हणालो.