हजेरी लावा, डायमंड घ्या

साहित्यिक मंडळी वर्षअखेरीला वाचलेल्या पुस्तकांची यादी देतात. त्यातली निम्मी तरी वाचलेली असतील, असं आपण धरून चालतो. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत अशी थाप खपत नाही. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये चढून बघा. सगळ्यांच्या माना खाली आणि सगळ्यांच्या तोंडावर निळा उजेड. हातात पुस्तक एकाच्याही नाही.

म्हणून यंदा गेमची परीक्षणं. गेले काही महिने इमानेइतबारे खेळतोय. घरचे म्हणतात वेळ वाया चाललाय. मी म्हणतो, सदर लिहायचं तर अभ्यास नको?

पहिला मान बीजीएमआयला. म्हणजे आपली पबजीच, कागदपत्रं बदलून आलेली. २ सप्टेंबर २०२० रोजी चिनी ॲपच्या यादीत पबजी बंद झाली. जुलै २०२१मध्ये नावात ‘इंडिया’ घालून परत आली. जुलै २०२२मध्ये पुन्हा गायब. मे २०२३मध्ये सरकारनं परत घेतलं, पण तीन महिन्यांच्या चाचणीवर.

देशभरातल्या पोरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वाळूजच्या पोरांना त्यात काही नवल वाटलं नाही. आधी ब्रेक, मग नव्या ठेकेदाराच्या नावावर भरती, पुन्हा ब्रेक, मग प्रोबेशन. यात बातमी कुठे आहे?

फ्री फायरचं तर आणखी भारी. फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायर बंद झाली, फ्री फायर मॅक्स चालू राहिली. म्हणजे क्वार्टर बंद, खंबा चालू.

मधल्या काळात २६ जानेवारी २०२१ला देशी उत्तर म्हणून ‘फौजी’ आला होता. अक्षय कुमारनं जाहीर केलेला, गलवानच्या चकमकीवर बेतलेला. गेम लष्करावरचा आणि सुरुवातीला त्यात बंदूकच नव्हती, नुसती हाणामारी. एमआयडीसीत हाणामारी बघायला डाउनलोड करावं लागत नाही.

तर बीजीएमआय. विमानातून उडी मारायची, पोचिंकीत उतरायचं, शंभरातला शेवटचा उरायचं. गेम झकास आहे, नाकारण्यात अर्थ नाही. नेम धरताना अंगठ्याला घाम सुटतो. पण खरी कारागिरी लढाईत नाही, लढाईच्या आधीच्या पडद्यावर आहे. आज आलात? हे घ्या बक्षीस. सलग आठवडाभर आलात? मोठं बक्षीस. आजचं मिशन पूर्ण केलं का? मग आठवड्याचं? मग सीझनचं?

हे कुठं तरी वाचलंय ना?

हो, टाइम ऑफिसच्या बाहेर, नोटीस बोर्डावर. अटेंडन्स बोनस, टार्गेट, इन्सेंटिव्ह. गेम बनवणाऱ्यांनी मानसशास्त्राचे तज्ज्ञ नेमले म्हणतात. कशाला तो खर्च? इथल्या बजाजनगरातून एक रिटायर झालेला प्रॉडक्शन मॅनेजर उचलला असता तरी भागलं असतं.

बरं, एक दिवस खाडा झाला की साखळी तुटते, पुन्हा पहिल्यापासून. सुपरवायझर निदान विचारतो, बरं नव्हतं का? गेम तेवढंही विचारत नाही. आणि सीझन संपला की रँक खाली. रात्री जागून जागून चढवलेली रँक एका सकाळी उतरलेली. तक्रार कुणाकडे करणार? युनियन आहे का?

एवढं सगळं कंपनीसारखंच. फरक एकच.

कंपनी पगार देते.

इथं उलटा हिशेब आहे. काम तुम्ही करायचं आणि पैसेही तुम्ही द्यायचे. कपडे विकत, बंदुकीचा रंग विकत, नाचायची ॲक्शनसुद्धा विकत. बीजीएमआय आली तेव्हा अठरा वर्षांखालच्या मुलांची काळजी म्हणून दोन मर्यादा जाहीर झाल्या. खेळायला दिवसाला तीन तास आणि खर्चायला दिवसाला सात हजार रुपये.

महिन्याला नव्हे, दिवसाला. नव्या कंत्राटी पोराचा पंधरवडा त्यात निघतो. ही मर्यादा आहे की अपेक्षा?

आता जरा घरचा विषय. १९८५ पासून वाळूजमध्ये बजाजचा कारखाना आहे, दुचाकी आणि तीनचाकी दोन्ही इथून बाहेर पडतात. त्यामुळे गाड्यांचे गेम इथं जास्त चालणार, हे ओघानं आलं. सध्या पोरांच्या फोनवर ‘इंडियन बाईक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’ आहे. चित्रं ओबडधोबड, माणसं लाकडासारखी चालतात. पण गेममधल्या फोनवर एक नंबर दाबला की समोर नवी कोरी गाडी हजर. डाउन पेमेंट नाही, हप्ता नाही, आरसी नाही. दिवसभर लाईनवर गाडी जोडणाऱ्याला रात्री ती फुकट चालवायला मिळते. मार्क्सला एवढं पुरलं असतं.

रस्ते मात्र साफ चुकलेत. मोकळे, रुंद, खड्डे नाहीत. बनवणारा कधी शिफ्ट सुटताना वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला अडकलेला दिसत नाही. ए. एस. क्लबपासून नगर नाक्यापर्यंत एक ट्रॅक्टर, दोन कंटेनर, चार कंपनी बस आणि उलट्या बाजूनं येणारा एक बुलेटवाला, एवढं घाला आणि मग सांगा चालवायला. अवघड लेव्हल हवीच असेल तर तारीख आषाढी एकादशीची ठेवा. छोट्या पंढरपुरातून गाडी बाहेर काढून दाखवणाऱ्याला पबजीतलं ‘चिकन डिनर’ नको, साबुदाण्याची खिचडी द्या.

२०२५मध्ये बीजीएमआयमध्ये रॉयल एनफिल्डच्या गाड्या आल्या, त्याचं पोरांना कोण कौतुक. आपली रिक्षा त्याआधीच पबजीत पोचली होती, हे कुणाच्या लक्षातही नाही. सॅनहॉकच्या नकाशात तीनचाकी असायची, नाव तुकशाई. सावकाश चालायची, जरा वळली की कलंडायची. कुणी बसायचं नाही. गोळ्या चालू असताना मीटरची रिक्षा कोण पकडतो?

लुडो किंगचं परीक्षण काय लिहायचं? नवी मुंबईत तयार झालेला, २०१६चा गेम. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये अख्खा देश त्यावर फासे टाकत बसला होता. आजही दुपारी चाळीत आवाज येतो तो त्याचाच. समोरच्याला बरोब्बर सहा पडतो आणि आपल्याला नाही, हा फोनचा कट आहे, याबद्दल महाराष्ट्रातल्या तमाम मावश्यांचं एकमत आहे. पैसे लावून खेळायचा लुडो कौशल्याचा की नशिबाचा, यावर २०२१मध्ये मुंबई हायकोर्टात याचिकासुद्धा झाली. मावशींना साक्षीला बोलवायचं राहिलं.

कौशल्य म्हटलं की रमी आठवते. जुलै २०२५मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळताहेत, असा आरोप करत विरोधकांनी चित्रफीत बाहेर काढली. मंत्री म्हणाले, खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेली जाहिरात बंद करत होतो. गदारोळ झाला. ३१ जुलैला खातं बदललं.

क्रीडा मिळालं.

आम्ही गेमवाले मात्र तो खुलासा सहज मान्य करू. कारण फुकटच्या गेममध्ये निम्मा वेळ जाहिरात बंद करण्यातच जातो. ती फुली आधी दिसत नाही. दिसते तेव्हा तिळाएवढी असते. तिच्यावर बोट ठेवलं की प्ले स्टोअर उघडतं. सभागृहात एवढी चिकाटी दाखवली असती तर केवढे प्रश्न सुटले असते.

पुढच्याच महिन्यात केंद्रानं कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. ड्रीम ११ हे नाव भारतीय संघाच्या छातीवरून उतरलं. सचिन तेंडुलकरनं केलेल्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातीविरोधात तत्कालीन आमदार बच्चू कडूंनी २०२३मध्ये वांद्र्याला त्याच्या घरासमोर आंदोलन केलं होतं, ते तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटलं होतं. आता हसणारे कुठे आहेत?

पण हजेरीवाले गेम कायद्याच्या बाहेर. बरोबरच आहे. तिथं पैसे लागतात, पण जिंकता येत नाहीत. जुगार कसा म्हणणार?

कृषिमंत्र्यांना गेम खेळायचाच असता तर एक शिफारस होती. ‘फार्मिंग सिम्युलेटर’. स्वित्झर्लंडच्या कंपनीचा, २०२४च्या नोव्हेंबरमध्ये ‘२५’ या नावानं नवी आवृत्ती आली. एका मित्राच्या लॅपटॉपवर खेळलो. कापूस आणि ज्वारी आधीपासून होती, आता भात आला, म्हैसही आली. कर्ज हवं? एक बटण दाबा. सातबारा नको, जामीनदार नको, सिबिल नको, सोसायटीच्या सचिवाला चहा नको. माल नेला की विकला. आडत नाही, हमाली नाही, ‘ओलावा जास्त आहे’ म्हणणारा कुणी नाही.

गारपीट आहे, वावटळसुद्धा आहे. पण सेटिंगमध्ये जाऊन नुकसान बंद करता येतं.

मी गंगापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला हे सांगितलं. सप्टेंबर २०२५च्या पावसात त्याचं सोयाबीन गेलं, वर जमीनही खरडून गेली. तो शांतपणे म्हणाला, “ते सेटिंग कृषी सहायकाच्या लॉगिनला येतं का, बघा.”

पाण्याचा विषय निघालाच आहे तर इथल्या पाण्यासारखाच रखडलेला गेम घेऊ: ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’, म्हणजे जीटीए सहा. पाचवा भाग २०१३चा. सहावा २०२५मध्ये येणार होता, मग मे २०२६ ठरला, मग नोव्हेंबर २०२६. जगभर पोरांनी ऊर बडवून घेतलं. संभाजीनगरकर गालात हसले. इथं शहराच्या पाणीयोजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२०मध्ये झालं. योजना १,६८० कोटींची होती, ती २,७४० कोटींवर गेली. तारखा किती पडल्या, ते मोजणं लोकांनी सोडलं. जायकवाडी उशाला आणि कोरड घशाला. जीटीएवाल्यांनी निदान दिलगिरीचं पत्रक तरी काढलं.

आपल्या मातीतले गेम खेळा, असा आग्रह असतो. खेळलो की. ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा २००९चा, १७०० सालापासून सुरू होणारा. त्यात मराठे घेऊन खेळता येतं. गेम बनवला इंग्लंडच्या कंपनीनं. मराठे घेऊन लंडनपर्यंत जायची सोय खुद्द इंग्रजांनी करून दिलीय. तरी आमच्या ओळखीची सगळी पोरं ब्रिटन घेतात. नौदल चांगलं आहे म्हणे.

पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४मध्ये आला. भविष्यातला भारत, वीरलोक नावाचा प्रदेश, सरताज आणि बिग-गज अशी पात्रं. गोळीबार तोच, पगड्या वेगळ्या. वाईट नाही. पण रोजची मिशनं इथंही आहेतच. पगडी घातली म्हणून टाइम ऑफिस बदलत नाही.

आणि मग पुण्याचाच ‘राजी’. नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या चमूनं केलेला. २०१७मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी चिकाटीनं २०२०मध्ये बाहेर काढला. सर्कशीतली एक मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, दुर्गेचं शस्त्र आणि वाटेत राजस्थानी महाल. गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्या. मारामारी जरा अडखळते, शेवट घाईत गुंडाळलाय. पण मधे एके ठिकाणी मी लढायचं सोडून भिंतीवरची चित्रं बघत उभा राहिलो. बाकी एकाही गेममध्ये उभं राहायची हिंमत झाली नाही. तिथं उभा राहिला तो मेला.

आणि मुख्य म्हणजे तो चार-पाच तासांत संपतो. संपल्यावर नावं येतात, संगीत वाजतं आणि गेम तुम्हाला सोडून देतो. उद्या या, असं म्हणत नाही. हजेरी नाही, डायमंड नाही, मिशन नाही. एकदाच पैसे, एकदाच खेळ.

बजाजनगरात विचारत फिरलो. तो खेळलेला एकही माणूस भेटला नाही. का, ते उघड आहे. तो कॉम्प्युटरवर आणि कन्सोलवर चालतो, आपल्या खिशात फोन आहे. शिवाय पैसे आधी मोजावे लागतात. फुकटात तुरुंग मिळत असताना तिकीट काढून बागेत कोण जातो?

तेव्हा परीक्षकाचा निकाल. बीजीएमआय: उत्तम गेम, वाईट मालक. बाईकवाला: हसायला बरा. शेतीवाला: मंत्रालयात सक्तीचा करावा. ‘राजी’: लॅपटॉपवाला मित्र असेल तर शनिवारी त्याच्याकडे जा, जेवण बाहेरून मागवा आणि एका बैठकीत संपवा. आणि रात्री अडीच वाजता ‘तुमचं बक्षीस वाट बघतंय’ असा मेसेज आला तर उठू नका. फर्स्ट शिफ्टची बस सहाच्या आधी येते आणि ती कुणासाठी थांबत नाही.