संस्कृतिरक्षक स्तंभ: लेखनाचा प्राथमिक पाठ

संस्कृतिरक्षक स्तंभ म्हणजे ताज्या बातमीवरचा असा लेख, ज्यात बातमी तीन ओळींत संपते आणि उरलेल्या जागेत ऱ्हास होतो. मराठीत या प्रकाराला सव्वाशे वर्षांहून मोठी परंपरा आहे. त्यामुळे नवोदिताला नव्याने काही सुचावे लागत नाही. जुने अंक चाळले तरी भागते.

पहिले काम बातमी निवडण्याचे. पीकविमा, पाणीवाटप, अर्थसंकल्प हे विषय टाळावेत. त्यांत आकडे येतात आणि आकडे तपासता येतात. नाटक, सिनेमा, पोशाख, सण, लग्न यांपैकी काहीतरी घ्यावे. कलाकृती पाहण्याची गरज नाही. पाहिल्यास धार बोथट होते. ‘बाजीराव मस्तानी’ १८ डिसेंबर २०१५ रोजी पडद्यावर आला, पण ‘पिंगा’ गाण्यावरचे संतप्त अभिप्राय नोव्हेंबरातच देऊन झाले होते. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवण्यावरचा ऐतिहासिक आक्षेप बिनबुडाचा नव्हता. म्हणूनच असा आक्षेप एका वाक्यात उरकून पुढचे दोन परिच्छेद हल्लीच्या मुलींना द्यावेत.

वार्षिक वेळापत्रकही हाताशी असावे. १४ फेब्रुवारीचा लेख जानेवारीतच तयार ठेवण्याची पद्धत आहे. तिला २०२५ साली धक्का बसला. ‘छावा’तले लेझीमनृत्य आक्षेपांनंतर दिग्दर्शकाने काढून टाकले, विजय झाला, आणि चित्रपट प्रदर्शित झाला तो नेमका १४ फेब्रुवारीला. जोडपी हातात हात घालून गेली आणि संभाजी महाराजांचा जयजयकार करून बाहेर पडली. अशा प्रसंगी लेख वर्षभर पुढे ढकलावा.

यानंतर सुवर्णकाळ. तो लेखकाच्या वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास ठेवणे सर्वांत सोयीचे, कारण त्या वयात घरचा हिशेब दुसरे कोणी पाहत असते. मात्र साल लिहू नये. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक आणि रानडे यांच्यासह अनेकांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. आज धर्मबुडीवरचा लेख दोन कप चहाशिवाय पुरा होत नाही. १८९३ हे साल तर कटाक्षाने टाळावे. त्या वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्याचा उद्योग मांडला. पहिला अधर्म होता, दुसरी नवी टूम होती. कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले आणि मंडपातला गणपती सनातन झाला. तेव्हा परंपरेला वय विचारू नये.

युक्तिवादाचा नमुना १८९१ च्या संमतिवयाच्या वादात तयार मिळतो. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्याच्या कायद्याला टिळकांचा विरोध होता. सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आगरकरांना ते पटले नाही. तरी गुलाम देशात त्या म्हणण्याला वजन होते. पुढच्या लेखकांनी वजन खाली ठेवून साचा तेवढा उचलला: ‘काय’ ठरते आहे याकडे न जाता ‘ठरवणारे हे कोण’ असे विचारावे. परक्या सरकारच्या जागी सोयीनुसार न्यायालय, विद्यापीठ, पाश्चात्त्य विचार किंवा जाहिरात कंपनी घालता येते.

विरोधकांचे नाव घेऊ नये. ‘तथाकथित पुरोगामी’ पुरेसे आहे. ते मूठभर असतात आणि तरीही सगळीकडे त्यांचेच चालते. हे दोन्ही एकाच वाक्यात आले तरी चालते. ‘हेच दुसऱ्या धर्माबद्दल बोलाल का?’ हा प्रश्न शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ठेवावा. विषय खड्ड्यांचा असला तरी तो बसतो. लेखकाची स्वतःची नात परदेशात लिव्ह-इनमध्ये राहत असेल, तर तो उल्लेख गाळावा. तिथली परिस्थिती वेगळी असते.

सर्वांत कौशल्याचा भाग म्हणजे माघार. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये रंगमंचावर आले तेव्हा नाना फडणवीसांची आणि ब्राह्मणांची बदनामी म्हणून गदारोळ झाला. १९८० मध्ये ते युरोपला निघाले तेव्हाही झाला. पुढे ते मराठी रंगभूमीचे वैभव ठरले. ज्यावर आग ओकली ते अभिजात ठरल्यास कबुली देण्याचे कारण नाही. वीसेक वर्षे गप्प राहावे आणि मग एखाद्या नव्या नाटकावर लिहिताना ‘घाशीरामची सर याला कुठली?’ असे सहज लिहून जावे.

लेख छापून आल्यावर त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीच्या गटात टाकावा. दोन दिवसांत तो एखाद्या नामवंत नटाच्या नावाने परत येतो. दुरुस्ती करू नये. त्या नावाने तो जास्त वाचला जातो.