अदखलपात्र वसंत

महाराष्ट्रात ऋतू किती? शाळेच्या पुस्तकात सहा, घरात तीन आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दोनच: पाणीकपात आणि गळती.

वसंत फक्त पुस्तकात. तोही परीक्षेपुरता.

हवामान खात्याकडे दाद मागावी, तर तिथेही नन्नाचा पाढा. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा. मार्च ते मे उन्हाळा. जून ते सप्टेंबर पाऊस. उरलेले तीन महिने पावसानंतरचे. चार रकाने, आणि एकातही वसंताची नोंद नाही. म्हणायला ऋतुराज, पण संस्थान कधीच खालसा झालंय.

पंचांगाने मात्र त्याला उदारपणे दोन महिने लिहून दिलेत, चैत्र आणि वैशाख. कागद पक्के आहेत. फक्त वसंत पंचमी येते माघात, म्हणजे शिशिराच्या हद्दीत. आणि वैशाखात पेटतो वणवा. मालकाचा सत्कार शेजाऱ्याच्या अंगणात आणि निम्म्या घराला आग.

हा घोळ सरकारच्या लक्षात आला होता, बरं का. २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय पंचांग लागू झालं. त्यात वसंताला फाल्गुन आणि चैत्र दिले आणि वैशाखाला ग्रीष्मात ढकललं. शास्त्रशुद्ध, सुटसुटीत, डोळ्यांना दिसतं त्याच्याशी जुळणारं.

म्हणूनच कुणी मनावर घेतलं नाही.

आपलं पंचांग वेगळंच आहे. ते एका वाक्यावर चालतं: ‘यंदा उन्हाळा जरा लवकरच आला, नाही?’ फेब्रुवारीच्या मध्यावर लिफ्टमध्ये कुणीतरी हे म्हणतंच. दर वर्षी म्हणतं. दर वर्षी उन्हाळा असाच लवकर येत राहिला असता, तर एव्हाना तो दिवाळीच्या फराळाला हजर व्हायला हवा होता.

पण आता त्या वाक्याला पुरावाही मिळू लागलाय. कमाल तापमानाच्या सरासरीत २०२३ च्या फेब्रुवारीने देशात १९०१ पासूनचे सगळे फेब्रुवारी मागे टाकले. दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, दिवसरात्रीच्या एकूण सरासरीचा फेब्रुवारीतला उच्चांकही मोडला. लिफ्टमधला माणूस शेवटी बरोबर ठरला. शंभर वर्षं तेच बोलत राहिलं की एकदा तरी खरं होतंच.

मग वसंत आहे कुठे? फार शोधायला नको. स्वेटर माळ्यावर गेला आणि कूलर अजून उतरला नाही, त्या मधल्या चार-पाच आठवड्यांत तो असतो. शिवरात्र ते पाडवा धरा.

म्हणजे नेमका दहावीची परीक्षा आणि मार्च एंडच्या कात्रीत.

दहावीच्या पोराचं घर बघा. बाहेर आंब्यावर कोकीळ पहाटेपासून तार सप्तकात. आई उठते आणि खिडकी लावून घेते, ‘त्याचं लक्ष उडतं हो!’ आत पोरगं डोळे मिटून घोकतंय. काय घोकतंय? निबंध. विषय, ‘ऋतुराज वसंत’.

कोकिळेचंही एक आहे. कुहू-कुहू करतो तो नर. मादीचा आवाज तुटक, किक-किक असा. श्रेय मात्र आपण पिढ्यान् पिढ्या कोकिळेला देत आलो. अंडी कावळ्याच्या घरट्यात, पिल्लांना भरवायचं कावळ्यांनी. अंगावर संसाराची एकही जबाबदारी नसलेल्या बाप्याचा गळा मोकळा राहील नाही तर काय?

रियाजाचं कौतुक कुणी सांगू नये.

मार्च एंडची तऱ्हा आणखी निराळी. वर्षभर निजलेला निधी खडबडून जागा होतो. एकतीस तारखेच्या आत खर्च व्हायलाच हवा. मग कालच केलेला रस्ता आज खोदतात. झाडांना पालवी फुटते त्याच आठवड्यात फुटपाथलाही नवे पेव्हर ब्लॉक फुटतात. निसर्गाचं आणि पालिकेचं वर्षातून एकदाच असं जमतं.

तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर शुभेच्छा येतात, ‘वसंत ऋतूच्या हार्दिक शुभेच्छा!’ खाली फोटो ट्यूलिपचा. मागे बर्फाचे डोंगर. पाठवणारे काका सोलापूरचे.

फुलांच्या बाबतीत आपली नजर तशी आंतरराष्ट्रीयच. मुंबईत विक्रोळीला द्रुतगती मार्गाच्या कडेला गुलाबी टॅबेबुया फुलतो आणि लोक गाड्या हळू करून मोबाइल बाहेर काढतात. ‘अगदी जपान वाटतंय!’ झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचं. दिसायला झकास, वाद नाही. पण त्याच दिवसांत काटेसावर अंगावर एक पान न ठेवता लालभडक पेटलेली असते. तिच्याकडे कोण बघतं? मैना, बुलबुल, शिंजीर आणि कावळे.

त्यांच्याकडे मोबाइल नाही. म्हणून ते फुलातला मध पितात.

पळसाचंही तेच. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, हे आपण उठता-बसता एकमेकांना ऐकवतो. फाल्गुनात जाऊन बघितलंय कुणी? तेव्हा तीही नसतात. नुसती केशरी फुलं. विदर्भात शिवारंच्या शिवारं या रंगाने भगभगतात, फुलं खाली सडा घालतात, उचलणारं कुणी नसतं. ती भिजवली की होळीचा रंग तयार. शहरात हाच रंग ‘ऑरगॅनिक, स्किन-फ्रेंडली’ म्हणून चिमूटभर पाकिटात मिळतो. पाकिटावर फोटो गुलाबाचा.

फुकट मिळतं ते आपल्याला दिसत नाही. त्याला किंमत चिकटवली की लगेच दृष्टी येते.

पिंपळच घ्या. या दिवसांत त्याची नवी पालवी तांब्याच्या रंगाची, उन्हात आरपार दिसणारी, वाऱ्याच्या नुसत्या चाहुलीने सळसळणारी. चहाच्या टपरीवर उभं राहून फुकटात बघता येते. पण खाली जुनी पानं पडतात ना! सोसायटीच्या सभेत तक्रार येते, ‘कचरा फार होतो.’ आंब्याचा मोहोर गाडीच्या काचेवर गळतो, म्हणून फांद्या छाटायचा अर्ज जातो. गाडी झाडाखालीच का लावली होती?

सावली हवी म्हणून.

आता खाण्याकडे वळू, कारण मराठी माणसाला कुठलाही ऋतू शेवटी जिभेनेच कळतो. मार्चच्या तोंडावर हापूसची चर्चा सुरू होते. नुसती चर्चा. पहिल्या पेटीचा भाव पेपरात वाचायचा, हळहळायचं आणि पान उलटायचं. रत्नागिरी, सिंधुदुर्गासह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी पेटीवर ‘देवगड’ आणि आत आंब्याखालची रद्दी कानडी, हा चमत्कार काही थांबला नाही. २०२३ मध्ये तर पुण्यातल्या एका विक्रेत्याने हापूस हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली.

आंबा खाऊन संपला, कोय वाळली, हप्ता चालू.

त्यापेक्षा कैरी बरी. तिला ना मानांकन लागतं, ना हप्ता. शाळेच्या फाटकाबाहेर हातगाडीवर उभ्या चिरलेल्या फोडी, वर मीठ-तिखट, कागदाच्या चतकोरात. पहिल्या घासाला एक डोळा आपोआप मिटतो. रसायनशास्त्राचे सर आम्लाची व्याख्या शिकवून शिकवून थकले, हातगाडीवाला एका फोडीत समजावतो. फी नाममात्र.

पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पालवी येते. गूळ, हिंग, ओवा, मीठ घालून वाटायची आणि गोळीएवढी खायची. घरात काय थाट! ‘मला नको’, ‘एवढीशीच दे’, ‘आधी श्रीखंड, मग बघू’. तीच मंडळी दुसऱ्या दिवशी ऑनलाइन कडुनिंबाच्या कॅप्सूल मागवतात. डिटॉक्स करायचंय म्हणे.

कडू चालतं. फक्त बरणीत बंद आणि बिलासकट हवं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटलेली, कैरीचा कीस, वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. सोबत भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. यात न आवडण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तरीही आता पन्ह्याचं प्रीमिक्स निघालंय. कैरी उकडून गर काढायला वेळ कुणाला आहे? वेळ नसतो, कारण ‘झटपट पन्हं’चे पाच व्हिडिओ बघायचे असतात.

चौकात रसवंती उघडते. नाव बहुतेक ठिकाणी कानिफनाथ, नाहीतर नवनाथ. चरकाला घुंगरू. बैल गेला, मोटार आली, घुंगरू राहिले. मोटारीला घुंगरू कशाला, असं विचारू नये. ऊस चरकात जातो, सोबत आल्याचा तुकडा, लिंबाची फोड. चोथा दुमडून पुन्हा एकदा आत. ग्लासावर फेस. कॅफेत साडेतीनशेची कोल्ड कॉफी निमूट पिणारा माणूस इथे मात्र बर्फाच्या एका खड्यावरून ग्राहक आयोगात जायला निघतो.

‘हाफ’ मागवून ‘फुल्ल’ भरून घेण्यातला आनंद कुठल्याही पंचतारांकित हॉटेलात मिळत नाही. तिथे भांडता येत नाही.

फ्रिजने ज्याला घराबाहेर काढलं, तो माठसुद्धा परत आलाय. पण साधा माठ म्हणून येईल तर शपथ. आता तो ‘टेराकोटा’ आहे, त्याला स्टीलचा नळ आहे आणि खोक्यावर पाण्याला येणाऱ्या मातीच्या वासाचं वर्णन आहे. कुंभारवाड्यातल्या माठालाही तोच वास येतो. फक्त तिथे वर्णन छापलेलं नसतं, म्हणून घासाघीस. नवा माठ एक दिवस पाण्याने भरून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वाळ्याची जुडी टाकायची, झालं. ‘सबस्क्रिप्शन’ नाही.

याच दिवसांत वाळवणं सुरू होतात. व्हायची, म्हणू या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक मोठ्या पातेल्यात रटरटतोय, घाटणारीच्या हाताला आराम नाही, आणि कुरडयांच्या सोऱ्यात जायच्या आधी वाटीवाटीने तो पळवायला घरातली सगळी पोरं रांगेत उभी. कुणाला दूध-साखरेबरोबर, कुणाला कच्च्या तेलाबरोबर. उडदाच्या पापडाची दोऱ्याने कापलेली लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची, मिऱ्यांचा ठसका लागला तरी दुसरीसाठी हात पुढे. राखणीला बसवलेली मुलं कावळ्यांपेक्षा जास्त खातात, हे प्रत्येक आजीला माहीत असायचं. तरी ती मुलांनाच बसवायची.

आता गच्चीला कुलूप.

‘सेक्रेटरीकाका, दोन दिवस गच्चीची किल्ली मिळेल का? पापड घालायचेत.’

‘नाही हो वहिनी. वॉटरप्रूफिंग उखडतं.’

चार पापडांच्या भाराने उखडणारं वॉटरप्रूफिंग जुलैच्या पावसात मात्र टिकणार, यावर अख्ख्या सोसायटीची श्रद्धा आहे. मग वहिनी बचत गटाच्या स्टॉलवरून कुरडया आणतात. चांगल्या असतात. पण चीक कोण देणार? चिकाचं पाकीट त्या स्टॉलवर अजून आलेलं नाही.

येईल. धीर धरा.

आणि पहाटेचा पंखा? ज्या घरात नवरा-बायकोचं तीस वर्षं कशावरही एकमत झालेलं नाही, तिथेही मार्चच्या पहाटे तह होतो. पंखा एकवर आणि अंगावर पातळ चादर. दोनवर थंडी वाजते, बंद केला तर डास. ही गंमत पंधरा-वीस दिवसांची. मग कुणीतरी एसीची सर्व्हिसिंग करून घेतं, खिडक्या बंद होतात आणि ‘हवा कशी कोंदट झालीये’ म्हणून पुन्हा लिफ्टमध्ये चर्चा.

संध्याकाळी स्टेशनबाहेर मोगऱ्याचे गजरे येतात. सकाळी त्या टोपलीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, तेव्हा ८:१२ गाठायची असते. परतताना मात्र तोच माणूस थबकतो, एक गजरा घेतो, केळीच्या पानात बांधून बॅगेत ठेवतो. ऑफिसची फाइल, डबा, चार्जर, सगळ्याला वास. घरी बायको विचारते, ‘आज काय विशेष? काय लपवताय?’

साध्या सुखावर आपला इतका अविश्वास!

कल्पना करा, उद्या वसंताला खरंच मान्यता मिळाली तर? ‘वसंत महोत्सव’ होईल. व्हीआयपी पासेस निघतील. पळसाखाली सेल्फी पॉइंट, काटेसावरीला रोषणाई, कोकिळेला लाउडस्पीकर, उद्घाटनाला मंत्री दोन तास उशिरा. आणि भाषणात ‘आपल्या समृद्ध परंपरेचा’ उल्लेख होत असताना मागच्या बाजूला पार्किंगसाठी दोन आंबे तोडलेले असतील.

नकोच ते. कुणाचं लक्ष नाही, म्हणून तर हा ऋतू शाबूत आहे. चतकोर कागदातली कैरी, हाफमध्ये भरून घेतलेला फुल्ल, पिंपळाची पालवी, एकवरचा पंखा. कुणाची परवानगी नाही, पावती नाही, केवायसी नाही. घ्या आणि गप्प बसा.

फार मोठ्याने सांगत मात्र सुटू नका. राज्याचा अर्थसंकल्पही मार्चमध्येच मांडतात.